डावा कर्णा माझा

आमची पहिली भेट झाली तेव्हा आम्हा दोघांच्या मिठीत एकेक स्पीकर होता, आणि आम्ही एकमेकांकडे असे बघत होतो, जणू समोरचाच चोर!

एका म्हाताऱ्या कॅप्टनच्या घरचं सामान विकायला काढलं होतं. कपाटं, दिवे, गालिचे असा ढीग, आणि त्यामागे ते दोघे उभे. जुने, लाकडी, कर्ण्याचे स्पीकर. धोत्र्याच्या फुलासारखा उघडत जाणारा भोंगा आणि त्याच्या बुडाशी आवाज काढणारा इवलासा पडदा. आमचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे मला बघताक्षणीच कळलं, असला ऐवज पुन्हा मिळायचा नाही. मी धावत जाऊन डाव्याला कवटाळलं. उजव्याला कवटाळून एक लंबूटांग आधीच उभा होता.

"हा माझा," मी म्हटलं.

"बरं. मग हा माझा," तो म्हणाला. "पण... एकटा नेऊन काय करणार?"

"तुम्ही काय करणार?"

"हाच विचार करतोय," आणि तो हसला. असं हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही हो. मी तरी थोडा वेळ भांडले.

तो शाळेत गणित शिकवायचा, म्हणून आमच्या दुकानात त्याचं नाव पडलं मास्तर. तोडगा त्यानंच काढला. डावा माझा, उजवा त्याचा, पण राहायचं दोघांनी त्याच्या खोलीत. दुरुस्ती मी करायची, आणि दर रविवारी येऊन ऐकायचं. मी त्यांचे पडदे बदलले, गंजलेल्या तारा काढून नव्या घातल्या, आणि पहिल्यांदा त्यातून एका गाणाऱ्या बाईचा आवाज आला तेव्हा मास्तरनं डोळे असे घट्ट मिटून घेतले, की मला वाटलं, बिघडलं काहीतरी.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुमच्या हातात... जादू आहे."

त्या दिवशी मी घरी चालत गेले. बस होती, तरी.

हळूहळू मास्तरच्या खोलीत रविवारी या वेडाची सगळी मंडळी जमायला लागली. कुणाला जुना अ‍ॅम्प्लिफायर विकायचा असे, कुणाला भोंग्याच्या बदल्यात भोंगा हवा असे, आणि बँकेतले काका तर दर वेळी नवी वायर आणून फरक पडला का म्हणून सगळ्यांचा जीव खात. या मंडळींची एक रीत आहे. कर्ण्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. दोन्ही झोत जिथे मिळतात तिथे खुर्ची ठेवायची, एकच. बसणाऱ्याच्या कानाची उंची बघायची आणि स्पीकरच्या खोक्याखाली लाकडी पाचरी सारून तो कमीजास्त झुकवायचा. मास्तरच्या खोलीतला झोत मास्तरच्या कानाला लावलेला. मी त्या खुर्चीत बसले की गाणं माझ्या डोक्यावरून जायचं. म्हणून मी बाजूला बुटक्या स्टुलावर, हातात सोल्डरिंगची कांडी. तिथून गाणं अर्धंच ऐकू यायचं, पण ऐकताना मिटलेले त्याचे डोळे पूर्ण दिसायचे. माझी काही तक्रार नव्हती.

आणि मग डेंटिस्टबाई उगवल्या.

बँकेतल्या काकांनीच त्यांना आणलं, देव त्यांचं भलं करो. ताडमाड उंच, पांढरी शुभ्र साडी, आवाज असा की भूल न देता दात काढावा. त्या खुर्चीत बसल्या आणि मास्तरएवढ्याच उंच असल्यामुळे झोत त्यांच्या कानात अगदी अलगद उतरला. डोळे मिटून म्हणाल्या, "उजव्यापेक्षा डाव्याचा वरचा सूर किंचित गोड आहे."

बरोबर होतं. तो पडदा मी स्वतः बसवला होता. बाईंचे कान खरंच चांगले होते, आणि तेच मला सहन होईना.

"अजून काय वाटतंय?" मास्तरनं पुढे झुकून विचारलं. मला कधी विचारलं होतं का, काय वाटतंय?

निघताना बाईंनी बार उडवला. त्यांच्याकडे याहून मोठे, याहून जुने कर्णे होते, पण त्यांची खोली लहान पडत होती. अदलाबदल करायची का?

"विचार करतो," मास्तर म्हणाला.

विचार! माझा कर्णा देऊन टाकायचा, आणि त्यात विचार हा करणार! आणि कर्णाच गेला तर मी रविवारी जायचं तरी कोणत्या नात्यानं? रात्रभर कूस बदलत होते.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "या रविवारी जरा उशिरा याल? सकाळी... कुणीतरी यायचंय."

"कोण?"

"त्या डॉक्टर. थोडं काम आहे."

मी फोन ठेवला आणि समोरच्या निरपराध स्पीकरचा पडदा टराटरा फाडला. गल्ल्यावरून वहिनी म्हणाली, "काहीतरी जळतंय गं."

"सोल्डरिंग चाललंय."

"कांडीचं बटण तर बंद आहे."

"वहिनी, तू तुझं काम कर!"

रविवार उजाडला. उशिरा जाते माझी चप्पल! दुकानातली ढकलगाडी घेतली आणि सकाळीच निघाले. ठरलं होतं. आपला डावा उचलायचा, गाडीवर घालायचा आणि मागे वळून बघायचं नाही. एकट्या उजव्याची करा म्हणावं अदलाबदल.

जिन्यात बाई भेटल्या. खाली उतरत होत्या, गालातल्या गालात हसत.

"झाली का अदलाबदल?" मी विचारलं. साखरेत घोळून.

"ते त्यालाच विचार," त्या म्हणाल्या.

त्यालाच! आठवड्यात 'त्यांना'चं 'त्याला' झालं!

दार उघडं होतं. आत कपांचा आवाज येत होता, म्हणजे मास्तर स्वयंपाकघरात. मी खोलीत पाऊल टाकलं आणि थिजले. उंच खुर्ची गायब. तिच्या जागी एक नवीकोरी, बुटकी, मऊ गादीची खुर्ची. दोन्ही कर्णे वळवलेले, मागून पाचरी सारून पुढे झुकवलेले. म्हणजे बाईंसाठी बैठकसुद्धा आणली! मी उभ्या उभ्याच गाणं लावलं. छे! आवाजात जीव नव्हता, वरचे सूर कुठल्या कुठे गेलेले. माझ्या कर्ण्याची ही दशा! डोळ्यांत पाणीच आलं. मी खाली बसले आणि डाव्याखालची पाचर ओढून काढली.

"अरे, अरे, अरे!" दारात मास्तर, हातात दोन कप. "काय करतेस? सबंध सकाळ गेली माझी त्यात!"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. रागाच्या भरात मला ते उशिरा कळलं.

"माझा कर्णा नेतेय. तुमचा तुम्ही द्या कुणाला द्यायचा त्याला. लावून तर दिलाच आहे त्यांच्या कानाला!"

"कुणाच्या?"

"माझ्या तोंडून नाव कशाला वदवून घेता?"

त्यानं कप खाली ठेवले. माझ्याकडे बघितलं, त्या बुटक्या खुर्चीकडे बघितलं, आणि... हसायला लागला मेला!

"तू उभी राहून ऐकलंस?"

मी जीभ चावली. आमच्या दुकानात झाडायला येणारी मावशीसुद्धा कर्णा उभ्यानं ऐकत नाही.

"अगं, डॉक्टरबाई त्या खुर्चीत बसल्या तर गाणं त्यांच्या हनुवटीखालून जाईल. गेलंच! मी त्यांना आवाज तपासायला बोलावलं होतं, दोन्ही बाजू सारख्या येतायत का बघायला. बसल्या, उठल्या, जमिनीवर मांडी घातली तेव्हा कुठे ऐकू आलं. मग म्हणाल्या, हे ज्या कुणाच्या मापाचं आहे तिला सोडून माझे भोंगे घेऊ नकोस."

माझे कान तापले. पाचर हातात तशीच.

"बस," तो म्हणाला. पाचर घेऊन त्यानं जागेवर सारली.

मी बसले. त्यानं तेच पहिलं गाणं लावलं. आणि ती गाणारी बाई... डावीकडून नाही, उजवीकडून नाही, माझ्या समोर, अगदी हातभर अंतरावर उभी राहून गायला लागली. तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. इतके रविवार मी या खोलीत काढले होते, आणि हे मला माहीतच नव्हतं. मला रडू आलं. लपवलं नाही.

गाणं संपलं. तो खुर्चीशेजारी जमिनीवर बसला होता. उंच माणूस असा बसला की कान बरोबर माझ्या कानाशी येतो.

"तू स्टुलावर बसून अर्धंच ऐकायचीस," तो म्हणाला. "आणि मी डोळे मिटायचो ना... ते गाण्यासाठी नव्हतं. उघडे ठेवले की तुझ्याकडेच बघत राहायचो. मंडळी हसली असती."

"मग सांगायचं ना सरळ! मास्तर आहात की कोण?"

"गणिताचा आहे. मला मांडून दाखवता येतं, बोलून नाही. पण... बोलतो. मला तू आवडतेस. फार आवडतेस. आता कर्णा न्यायचा असेल तर ने."

"नेते तर!" मी नाक पुसलं. "दोन्ही नेते. आणि ते लावायला तू रोज आमच्या घरी यायचं."

"रोज? घरचे विचारतील, हा कोण म्हणून."

"सांगेन, माझा जीव जडलाय त्याच्यावर."

मास्तर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मी हात पुढे केला, त्यानं तो दोन्ही हातांत धरला. चहा गार होत होता आणि कुणालाच त्याचं काही नव्हतं.

"आणि एक आत्ताच सांगून ठेवते," मी म्हटलं. "बाई चांगल्या आहेत, कबूल. पण इथून पुढे त्या आल्या, की 'काय वाटतंय' ते मी विचारणार. तू नाही."

"मंजूर," तो म्हणाला, आणि त्यानं माझा हात काही सोडला नाही.