उजवीकडे वळलेला मासा

कुकरची शिट्टी झाली तशी स्वरदा दचकून म्हणाली,

"वसंताअक्का, हा तो मासा नव्हेच. कुणीतरी बदललाय!"

वसंता खासगी तपासाची कामं घेत. मूळच्या तंजावरच्या, चेन्नईतल्या अड्यारच्या याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. सोबत आतेभाऊ मालोजी होतेच.

स्वरदा एका संग्रहालयासाठी त्यांच्याकडच्या माशाचं चित्र काढत होती. प्राचीन तळ्याच्या गाळात दगड झालेला वीतभर मासा, शेपटीशी एक पान. उद्या परत द्यायचा होता. नाही दिला तर हे पहिलंच काम जाणार, वर चोरीचा आळ.

तिच्या चित्रात माशाचं तोंड डावीकडे होतं. डब्यातल्या दगडावर उजवीकडे.

"नकली आहे," मालोजी म्हणाले. "सोपं!"

"अय्यो! काटा न् काटा जुळवून तोंडच चुकवील होय कुणी? स्वरदा, डब्यात आणखी काय होतं?"

"वर झाकणासारखा सपाट दगड. पहिल्याच दिवशी उचलून तसाच शेजारी ठेवला, उलटून पाहिलाही नाही. तोही दिसत नाहीये."

इतक्यात तिचा नवरा गंधार इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून आला. कपाळाला गंध, हातात चुरमुऱ्यांची पुडी.

"मी सकाळपासून तिकडेच. यंत्रांची पूजा होती, कुणाला साधा पाना उचलू दिला नाही."

सासूबाई रत्नप्रभा स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "बाहेरचं कुणी आलं नाही. आणि मासा डब्यातच आहे की! मीच ठेवला पुसून."

"रत्नप्रभाबाई, हिचे ब्रश कुठे हो?"

"पूजेत. खंडेनवमी ना आज! ज्याची त्याची हत्यारं मांडलीत. उद्यापर्यंत हलवायची नाहीत."

वसंता हसल्या. "सरी, बरं. मग चोर नाहीच."

"मग मासा उलटा कसा?" मालोजींनी विचारलं.

"गाळ थरावर थर बसतो, मालोजी. मासा मधे दबतो. दगड फोडला की पुस्तकासारखा उघडतो. एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला त्याचाच ठसा, आरशात दिसावा तसा. म्हणून काटे तेच, तोंड उलटं. हिचं झाकण म्हणजे ती दुसरी बाजू. रत्नप्रभाबाईंनी दोन्ही दगड पुसले, दोन मासे दिसले. एक डब्यात गेला. दुसरा?"

"अगंबाई! तो जास्त ठसठशीत होता, हिच्या कामाचा म्हणून मांडला."

देवघरात, पुस्तकांच्या मागे झेंडूच्या फुलांत मासा डावीकडे पाहत होता. स्वरदा त्याच्यासमोर बसली. हसता हसता तिला रडूच आलं.

"आई, उद्या जरा लवकर पूजा उठवाल?"

"पहाटेच उठवते. रडू नकोस, वेडे!"

स्वरदाची पाच वर्षांची लेक चारुलता तिच्या मांडीवर येऊन बसली आणि कितीतरी वेळ माशाकडे बघत राहिली.

"आई, हा गाळात अडकला, तेव्हा याची आई याला शोधत राहिली असेल?"