कोरी केटली

"लवकर या. तासाभरात आजोबांना स्मशानात नेतील." फोनवर नर्सबाईंचा आवाज कापत होता.

फौजदारबाई पोहोचल्या. म्हातारा अंथरुणातच गेला होता. डावं अंग आधीपासून लुळं. ओठ चिरलेले, जीभ कोरडीठाक. मुलगा मात्र शांत होता, जरा जास्तच शांत.

"नर्सबाईंना कधी काढलंत?"

"आठ दिवस झाले. मग मीच करत होतो सगळं."

"पाणी कोण द्यायचं?"

"मीच. डॉक्टरांनी उकळून द्यायला सांगितलेलं. रोज तीन जग उकळायचो. शेवटचे दोन दिवस मात्र त्यांनी तोंडच उघडलं नाही."

"नळाचंच पाणी?"

"नळाचंच. नुसता चुना! जुनी केटली खरवडून हात दुखायचे. बाई गेल्या त्याच दिवशी ती फेकली, ही नवी आणली."

"ही कधी घासलीत?"

"घासायला उसंत कुणाला होती?" त्यानं दारातल्या नर्सबाईंकडे बोट दाखवलं. "कामावरून काढलं म्हणून ही डूख धरून आहे. हिच्यावर तक्रार लिहून घ्या. पुन्हा कुठे काम मिळायला नको हिला."

नर्सबाईंनी मान खाली घातली.

फौजदारबाई स्वयंपाकघरात गेल्या. नळाच्या तोंडावर पांढरी खपली होती. त्यांनी केटलीत बोट फिरवलं. मग खोलीत येऊन, खाटेपासून लांब, खिडकीत ठेवलेला काचेचा जग उजेडात धरला.

"माझ्या घरी चार दिवसांत केटली पांढरीफटक होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज तीन जग उकळलेत, एकदाही घासली नाहीत, आणि आत तळ लखलखीत? ही केटली एकदाच तापलीय. पहिल्या दिवशी."

त्यांनी जग मुलासमोर धरला.

"हा जगही तेव्हाच भरलात. पाणी आपोआप आटत गेलं आणि मागे पांढऱ्या रेघा राहिल्या, एकीखाली एक. नंतर कुणी त्याला हातसुद्धा लावलेला नाही."



"पाणी प्यायले की चादर भिजायची," तो पुटपुटला. "दिवसाला चार-चार चादरी. म्हटलं, जरा कमी दिलं तर..."

"कमी नाही. दिलंच नाहीत."

नर्सबाई त्या जगाकडे बघत होत्या. तो अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

"त्यांचा उजवा हात चांगला चालायचा हो," त्या रडत म्हणाल्या. "नुसता खाटेपाशी ठेवला असता, तरी त्यांनी घेतलं असतं."