आमिनाखालाच्या वाट्याचं पाणी

मला फरशीवर डाग खपत नाही. रफीक हॉटेलची ड्युटी संपवून आले की बूट दाराबाहेर काढतात, मुकाट्याने. झेबा, आमची अकरावीतली लेक, इंग्रजीत चिडवते, "अम्मी, तुझ्या फरशीवर ऑपरेशन करता येईल." चिडवू दे. मदिनेत धुळीला काय तोटा? खिडकीची फट राहिली की संपलं. लग्नाआधी मी, मुकादमांची हलिमा, दाभोळला शाळेत विज्ञान शिकवायची. उगाच काहीतरी ऐकून माना डोलावणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

समोरच्या दारात आमिनाखाला राहते; मावशीला आमच्यात खाला म्हणतात. मूळची मालीतल्या जेन्ने गावची. लहानपणी आजोबांबरोबर हजला आली आणि इथलीच झाली. नवरा गेला, मूलबाळ नाही. सारं आयुष्य हाजींच्या गर्दीत कापड विकण्यात गेलं, त्यामुळे हिंदी अशी फाडफाड बोलते की आमचे रफीकही गप्प बसतात. झेबा तिला नानी म्हणते.

आमची गट्टी जमली ती तुसामुळे. एकदा मी तिला दाभोळच्या जुन्या घराच्या भिंती सांगत होते, माती कशी भिजवायचो, त्यात भाताचं तूस कसं कालवायचो. खाला हातातला खजूर ठेवून पुढे सरकली.

"कुजवायचात का?"

"कुजवायचो तर! वासाने शेजारी शिव्या घालायचे."

म्हातारी हसून हसून खोकली. मग तिने तिच्या गावची मशीद सांगितली. सगळीच्या सगळी मातीची, ताडाची लाकडं भिंतीतून बाहेर आलेली. दर वर्षी पावसाच्या आधी सारा गाव तिला लिंपतो. पुरुष शिडीवर चढतात, ढोल आणि बासऱ्या वाजतात, म्हातारे मानाने बसून सूचना देतात, आणि बायका नदीवरून पाणी आणतात. गारा कालवायला पाणी लागतंच. "आमच्या घरच्या बाईचा घडा कधी चुकला नाही," खाला म्हणायची. तिची आजी सांगायची, माणूस कितीही लांब गेलं तरी वाट्याचं पाणी सुटत नाही. ज्या घरचं पाणी आलं नाही, त्याला भिंत विसरते.

मी म्हटलं, छान आहे. गावागावाचं काहीतरी असतंच.

पण दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस खालाचं दार दुपारच्या अजानपर्यंत उघडायचं नाही. तिला कुणाचा फोन आलेला नसायचा, तरी दिवस तिला कळायचा. दुपारी दार उघडायचं तेव्हा म्हातारी दमून गेलेली, खूश, आणि ढीगभर भात जेवायची. एका वर्षी मी तिच्या टाचा पाहिल्या. करड्या चिखलाने भरलेल्या, ओल्या. खाली रस्त्यावर कुठे थेंब नव्हता.

"कुठे गेली होतीस गो?"

"पाणी द्यायला."

मी हसले. आणि तिच्या दारातली फरशी पुसून टाकली.

गेल्या वर्षी खालाचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ती पलंगावर, डबा माझ्याकडून. एका सकाळी पेज घेऊन गेले तर म्हातारी पलंगाच्या कडेला लटपटत बसलेली, रडत.

"सुरू झालं, हलिमा. सगळ्या निघाल्या. माझं भांडं रिकामं आहे."

वाळक्या भोपळ्याचं ते रुंद भांडं, आजीचं, भिंतीला टांगलेलं असायचं. ती उठायला बघत होती. पडली असती तर परत उठली नसती. आमच्याकडे शेजारीण अंथरुणाला खिळली तर तिचं पाणी भरून द्यायला कुणी विचारत बसत नाही.

"तू निजून राहा बघू. तुझ्या वाट्याचं मी नेते."

म्हातारीची समजूत, दुसरं काय! नळाखाली भांडं भरलं, ओढणीची चुंबळ केली, डोक्यावर घेतलं. "दाराबाहेर ने, बस," खाला म्हणाली.

तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत पॅसेज तो केवढासा. डोक्यावर पाणी असलं की मान वर करायची नसते. मी खाली बघून चालत होते. एकच धास्ती, फरशीवर सांडेल.

पॅसेज संपेना.

आधी वास आला. कुजलेल्या तुसाचा. तो वास मी झोपेतही ओळखीन.

मग पायाखाली मऊ लागलं. कोमट. घोट्यापर्यंत.

मागे बायका हसत होत्या, धापा टाकत. लांब कुठेतरी बासरी.

कोपरापर्यंत चिखल माखलेले दोन हात पुढे आले आणि त्यांनी भांडं उतरवून घेतलं. कुणीतरी विचारलं, "कुणाची गं तू?" कुठल्या भाषेत, ते मला आजही सांगता येत नाही. पण दाभोळच्या विहिरीवर जिने पाणी भरलंय, तिच्या तोंडून या प्रश्नाला एकच उत्तर निघतं. विचार करावा लागत नाही.

"मुकादमांची," मी म्हटलं.

समोर माझंच दार होतं. भांडं हातात, रिकामं. फरशी कोरडी ठक्क. दुपारची अजान चालली होती आणि माझे पाय करडे होते.

"दिलंस?" खालाने विचारलं.

"दिलं."

"विचारलं कुणी?"

मी सांगितलं. तिचा चेहरा असा उतरला की मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"म्हणजे आमचं घर रिकामं गेलं," ती म्हणाली. मला रागावली नाही. हळूच म्हणाली, "मी मेले की तिथे कुणाची म्हणून जाऊ गं आता?"

मी तिचे हात धरून कबूल केलं, पुढच्या वर्षी मी पुन्हा जाईन, तुझंच नाव सांगेन. रफीकना सांगितलं, तर म्हणाले, उन्हाने चक्कर आली असेल. झेबाने मात्र सगळं ऐकून घेतलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती नानीकडे जाऊन तिच्या पायाला तेल लावायची. पोर मायाळू, मला कौतुकच वाटायचं.

यंदा खाला काठी टेकत चालायला लागली होती. त्या सकाळी तिने कान टवकारले आणि मान हलवली. मी तयारच होते. भांडं भरलं, मनात घोकत होते, आमिनाची, आमिनाच्या घरची. निघाले.

पॅसेज पॅसेजच राहिला. माझ्या दाराला जाऊन आदळले. परत फिरले, परत गेले. वास नाही, काही नाही. सगळं पाणी हिंदकळून फरशीवर. खाला दारात उभी राहून बघत होती. "तू तिथे मुकादमांची झालीस," ती पुटपुटली.

"थांब, पुसते आणि पुन्हा भरते," म्हणून भांडं तिच्या दारात ठेवून मी पोछा आणायला घरात गेले.

बाहेर आले तर भांडं जागेवर नव्हतं.

अजान सुरू झाली.

खालाच्या दारात झेबा उभी होती. अनवाणी, ओढणी चिंब, धापा टाकत, हसत. हातात रिकामं भांडं. पाय घोट्यापर्यंत करडे.

"कसली मज्जा आली!" ती म्हणाली. मराठीत. ही पोरगी मला कधी इंग्रजीशिवाय उत्तर देत नाही. "एका बाईने विचारलं, कुणाची तू."

"आणि?"

झेबाने माझ्याकडे बघितलंच नाही. वळून खालाकडे बघितलं.

"आमिनाची म्हटलं."

खालाने काठी टाकली आणि तिला कवटाळलं. रडली, हसली, तिचं कपाळ चुंबलं. मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू, वर्षभराचं ओझं उतरलं माझं. त्या दुपारी आम्ही तिघी ढीगभर भात जेवलो.

आता खालाला शांत झोप लागते. झेबाही मजेत आहे, अभ्यास करते, मराठी गोड बोलते. चपला तेवढ्या समोरच्या दारात काढते. किल्ली दप्तरात असली तरी आमच्याकडे बेल वाजवते, आणि मी या म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबते. रफीक म्हणतात, चांगलं वळण लागलंय.

काल संध्याकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. झेबाने आधी वाकून स्वतःचे तळवे पाहिले, मग अदबीने माझ्याकडे पाहिलं.

"फरशीवर डाग नाही ना पडणार, हलिमाखाला?"