खोडरबरांची टोपली

बाळांनो, डोळे मिटा आणि एक जुनं रेल्वे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. रूळ केव्हाच उखडलेले, तिकीटखिडकीला जाड काच, आणि प्रतीक्षालयाच्या उंच भिंतींवर चित्रंच चित्रं. स्टेशनाचं आता कलासंग्रहालय झालं होतं. दर रविवारी सकाळी मी तिथे मुलांना चित्रकला शिकवायचो. नियम दोनच. दिसतं तेच काढायचं, आणि खोडायचं नाही. खोडरबर दाराशीच टोपलीत टाकायचे.

मधल्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. फलाटावरचा लांब बाक आणि त्यावर आपल्याकडे पाठ करून बसलेली सहा माणसं.

माझी नात खारू नऊ वर्षांची, पाठीवर एकच लांब वेणी. पुढचे दोन दात मोठे, म्हणून खारू. तिने सात माणसं काढली. सातव्याच्या डोक्यावर टोपी.

"मोजता येत नाही का गं, खारूताई?"

"आजोबा, दिसतं तेच काढलं. तुम्हीच म्हणता ना?"

पुढच्या रविवारी दारावरच्या टोपीवाल्या रखवालदाराची खुर्ची रिकामी होती. त्याचा चहाचा कप खिडकीत तसाच, चहावर साय धरलेली. आणि चित्रात सात पाठी. शेवटची टोपीवाली.

मी तीनदा मोजलं. मग संग्रहालयाच्या बाईंना बोलावून आणलं.

"मास्तर, सातच तर आहेत पहिल्यापासून," त्या हसल्या. "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं!" त्यांनी छापील पुस्तिका दाखवली. तिच्यातही सातच.

त्याच सकाळी खारू पुन्हा त्या चित्रासमोर बसली. मी तिच्या मागे उभा राहिलो. कागदावर आठवी पाठ उमटत होती. डावा खांदा उतरलेला, बाकाला टेकवलेली काठी.

माझी काठी.

"खोड ते! आत्ताच्या आत्ता!"

"कशानं? रबर तर टोपलीत आहे."

टोपली वीस पावलांवर होती. मी वळलो. निदान मला तसं वाटलं.

पायांखाली गार फरशी नव्हती, खडी होती. मांडीखाली लाकूड. चित्राच्या रंगात कालवतात त्या जवसाच्या तेलाचा वास. शेजारी टोपीवाला, मान न हलवता बसलेला.

कागद फाड, म्हणून ओरडलो. आवाज फुटला नाही.

मागे वळता येईना.

पाठीमागून खारूचा आवाज आला, खूप लांबून. "आजोबा? एकटेच निघालात?"

मग पेन्सिलीला टोक काढल्याची खरखर.

आणि माझ्या उजव्या हाताला, बाकावरच्या रिकाम्या जागेत, सावकाश, एकही रेघ न चुकता, तिने आधी एक वेणी काढली.