आप्पांची साद

ही गोष्ट ऐकीव नाही. मी तिथे होते, पूर्ण शुद्धीवर होते. जे अनुभवलं तेवढंच लिहिते आहे.

डिसेंबर १९५६. दिवस मावळायची वेळ. निमगाव केतकीहून बारामतीला जाणारा रस्ता.

मी तेव्हा पुण्यात इंटर सायन्सला होते. सुट्टीत घरी आले होते. आईचं पोट सकाळपासून दुखत होतं. दुपारनंतर ते फळीसारखं कडक झालं. गावातले डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लागेल. उशीर केलात तर हाती काही राहणार नाही."

सिद्धूमामा, आईचा धाकटा भाऊ, भाजीचा ट्रक चालवायचा. आईला त्याच्या केबिनमध्ये आडवं केलं. डोकं माझ्या मांडीवर.

घाबरून मामाचा गियर दोनदा चुकला.

त्यावर त्याचा एक उपाय होता. माझे आजोबा आप्पा, म्हणजे आईचे वडील, मेंढरं राखायचे. जीव घाबरला की मेंढरांना साद घालायची, हे त्यांनीच शिकवलेलं. ओठ सैल सोडून, लांब, सावकाश. श्वास लांबला की नाडी संथ होते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. मामा ट्रक चालवतानाही तेच करायचा.

"हुर्रर्र... हुर्रर्र..."

"सिद्धू, ट्रक हाकतोयस का मेंढरं?" आई कण्हतच म्हणाली.

"मेंढरांना अक्कल असती, आक्का. ह्याला कुठली?"

आई हसली. लगेच कळ आली आणि तिने माझा हात आवळला.

आप्पांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. साद घातली की थांबायचं. शेवटचं मेंढरू येईस्तोवर हलायचं नाही.

ट्रकवर ते कोण पाळणार?

मोठा माळ लागला. याच माळावर एका साथीत आप्पांचा सगळा कळप मेला होता. इथेच पुरला होता. त्यानंतर आप्पाही फार जगले नाहीत.

मामाने पुन्हा साद घातली.

आणि...

दूर कुठेतरी घंटा वाजली.

मग दुसरी.

मग खुरं... खूप खुरं. दोन्ही बाजूंनी.

मामाने करकचून ब्रेक दाबला.

"का थांबलास?"

"मेंढरं हायती की म्होरं."

"रस्ता रिकामा आहे, मामा."

"मला बी रिकामाच दिसतोय. मग ही खुरं कुणाची? चाकाखाली घालू व्हय?"

त्याचा पाय ब्रेकवरून उठेना. आयुष्यभर मेंढरांत वाढलेला माणूस. आवाजावरसुद्धा तो चाक घालू शकत नव्हता.

"मामा, आई..."

"कळतंय गं! तू उतर. म्होरं चाल. तू चाललीस तर मी मागनं येतो."

मी आईचं डोकं हळूच सीटवर ठेवलं आणि उतरले.

दिव्यांच्या उजेडात फक्त धूळ होती.

मी चालू लागले... आणि नेसलेलं पातळ दोन्ही बाजूंनी पायांना दाबलं गेलं. हात खाली नेला. हाताला ऊब लागली. लोकर लागली.

डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

माझं पाऊल पुढे पडेना. मागे ट्रक तसाच उभा.

"हुर्रर्र..."

"मामा, साद बंद कर!" मी ओरडले.

"मी कवाच बंद केलीया..." मामाचा आवाज रडवेला होता.

साद चालूच होती. माळाच्या बाजूने. म्हाताऱ्या गळ्यातून.

मग केबिनमधून आईचा आवाज आला. स्वच्छ, न कण्हता. लहान मुलीने द्यावी तशी ओ.

"आले, आप्पा."

खुरं थांबली.

माझ्या पायांभोवतीची ऊब गेली. रस्ता मोकळा झाला.

मामाने ट्रक वेड्यासारखा पळवला. बारामतीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि नुसती मान हलवली. मामाने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

मी जन्मभर विज्ञान शिकवलं. त्या लोकरीचं मला काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

मागच्या महिन्यात मुलगी मला गाडीतून त्याच रस्त्याने बारामतीला नेत होती. संध्याकाळ. उसाच्या ट्रॉल्यांनी वैतागून ती ओठांनी फुर्र करत होती. ट्रॉल्या मागे पडल्या, माळ आला.

"हुर्रर्र..."

"ते बंद कर," मी म्हणाले.

"काय बंद करू? मी काहीच करत नाहीये, आई."

तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला होता. समोर रस्ता रिकामा होता.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ओ जाऊ नये म्हणून.