दाढेची रिकामी जागा

ही घटना खरी आहे. मी कॉलेजात पुरातत्त्व शिकवते आणि पुराव्याशिवाय बोलणाऱ्यांवर भयंकर चिडते. या वेळी माझ्याकडेच पुरावा नाही, त्याला माझा इलाज नाही.

यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. ठिकाण जाफराबाद, आमच्या कॉलेजच्या मागचं मैदान. वेळ भर दुपारची.

खऱ्या उत्खननाला नेण्याआधी मी मुलांना सरावाचा खड्डा देते. शिपाई मच्छिंद्र आणि मी कडक मुरूम लागेपर्यंत खणतो, फुटकी मडकी, बांगड्या, बकऱ्याची हाडं पुरतो आणि माती ओढून घेतो. आठवड्याने मुलं खुरपी आणि ब्रश घेऊन तो खड्डा उकरतात.

म्हणजे आत काय आहे, ते मला पक्कं माहीत असतं.

त्या दुपारी खड्ड्यात अंबरीन बसली होती. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. डावीकडची दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, तरी हात थांबत नव्हता.

"मॅडम, हे बघा. जबडा हाये. माणसाचा."

मी वाकून पाहिलं...

खालचा जबडा. जुना, तपकिरी. हाडाच्या भोकातून झाडाचं एक बारीक मूळ आरपार गेलेलं.

आजूबाजूच्या मातीत मुळाचा पत्ता नव्हता. ती माती आठवड्यापूर्वी मीच भरली होती.

आणि माणसाचं हाड मी पुरलंच नव्हतं.

मुलांना वाटलं, मॅडमनी प्लॅस्टरचा नमुना ठेवलाय. पार्थला तर हसू आवरेना. "अंबरीन, पुढचे दोन दात बघ ना, एकावर एक चढलेत. बिलकुल तुझ्यासारखे!"

सगळे हसले. तीही हसली, गाल धरून.

मग मी शिकवलं होतं तसं ती एकेका दातावर बोट ठेवत सांगू लागली. "अक्कलदाढ अर्धीच वर आली, म्हणजे वय विशीच्या आसपास. डावीकडची एक दाढ न्हाई..."

ती थांबली.

"जागा उघडीच हाये, मॅडम. हाडानं भरलेली न्हाई."

हा धडा माझाच. दाढ गेल्यावर माणूस जगला, तर ती जागा हळूहळू हाडाने भरून येते. उघडीच राहिली, तर दाढेमागोमाग माणूसही गेला.

"म्हणजे दाढ काढल्यावर हा जगलाच न्हाई. बराबर ना?"

"बरोबर," मी म्हणाले.

"अब्बा उद्या मला जुन्या जालन्याला नेऊन राह्यलेत. दाढ काढायला."

आता कोणीच हसलं नाही.

जबडा मी विभागातल्या लोखंडी कपाटात ठेवला. संध्याकाळी कुलूप लावताना आतून आवाज आला...

करकर... करकर...

झोपेत कोणी दात खावेत तसा.

पण दात खायला वरचे दातही लागतात. आत तर फक्त खालचा जबडा होता.

"मॅडम, चला. जल्दी चला," मच्छिंद्र दारातूनच म्हणाला.

मी खूप घाबरले. अंबरीनच्या वडिलांना, खुर्शीदभाईंना फोन लावला. "उद्या दाढ काढू नका. थोडे दिवस थांबा."

"का, मॅडम? दोन रात्री पोरगी झोपली न्हाई. सूज गळ्यापर्यंत उतरली. डॉक्टर बोलले, थांबलात तर जहर पसरंल. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा काय करू."



"घेऊन जा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"काढली, मॅडम. डॉक्टर बोलले, सगळं बराबर झालं. घरी पोचलो. पोरगी आता कुठं शांत झोपली."

"तिला उठवा."

"आत्ताच डोळा लागला तिचा..."

"खुर्शीदभाई, उठवा तिला!"

फोन चालूच होता. ते हाका मारू लागले. आधी हळू, लाडाने. मग मोठ्याने.

मग तिच्या अम्मीचा, लालबींचा आवाज आला. "अंबरीन... उठ बेटा... उठ..."

त्यानंतर त्या जे ओरडल्या, ते मी इथे लिहू शकत नाही.

डॉक्टरांना कारण सापडलं नाही. मी हट्टाने थांबवलं असतं तर ती वाचली असती, की सुजेनेच गेली असती? मला खरंच कळत नाही.

परवा खुर्शीदभाई कॉलेजात आले होते. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला आधीच कसं कळालं?"

मी उठून त्यांच्यासमोर विभागातलं लोखंडी कपाट उघडलं, पण आत जबडा नव्हता.