अ गेला, मग आ गेला

आईचा 'अ' गेला, हे शनिवारी सकाळी कळलं.

बाबांचं पाट्यांचं दुकान होतं. संगणकावर अक्षर निवडलं की शेजारचं यंत्र ते रंगीत चिकटकागदातून कापून द्यायचं आणि बाबा ते फळ्यावर चिकटवायचे. अक्षरं मात्र विकतची नव्हती. ती आईनं स्वतः काढली होती. एकेका अक्षराची एकेक फाइल. आईला जाऊन आठ महिने झाले होते, पण गल्लीतल्या सगळ्या दुकानांवर अजून तिचीच अक्षरं होती. आता नव्या वाचनालयाच्या पाट्या करायच्या होत्या. त्या करून देण्याचा शब्द आईनंच दिला होता. दहा दिवसांनी वाचनालय उघडणार होतं.

"उघडत नाहीये," बाबा म्हणाले. त्यांनी पुन्हा दोनदा टिचकी मारली. अक्षराच्या जागी नुसते चौकोन आले.

"उकाडा किती आहे बघ!" काका म्हणाला. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, दुकानातला दुसरा हात. "माणसाचं डोकं चालत नाही, यंत्राचं कुठून चालणार? जरा थंड होऊ दे."

दारात बाबांची मुलगी रंगी उभी होती. रंगी बारा वर्षांची. हाताला सदा रंग, म्हणून हे नाव. तिला पडद्यावर आणखी एक गोष्ट दिसली. फाइलच्या नावाला एक लांबलचक शेपूट फुटलं होतं. कसल्या तरी अगम्य खुणा. काल दुपारी ते नव्हतं.

काल दुपारी ते नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. आणि ठाऊक असायला नको होतं!

ती तडक मागच्या अंगणात गेली. तिथे तिचा नऊ वर्षांचा भाऊ पिन आणि शेजारचा वकील पत्ते खेळत होते. वकील तेरा वर्षांचा होता आणि कुणी 'आज शनिवार' म्हटलं तरी पुरावा मागायचा.

"मला काहीतरी सांगायचंय. पण बाबांना सांगायचं नाही."

"मग मलाही सांगू नकोस," पिन म्हणाला. "माझ्या पोटात काही राहत नाही."

"पोळ्या बऱ्या राहतात सात सात!" वकील म्हणाला. "बोल गं."

रंगीनं सांगितलं. दुपारी बाबा नि काका पाट्या लावायला बाहेर पडले की ती संगणकापाशी बसायची. काही करायची नाही. आईची अक्षरं एकेक करून उघडायची आणि बघायची. बस, एवढंच. पण आईच्या संगणकाला हात लावायचा नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती.

"आणि मंगळवारपासून तो विचित्र वागतोय. काही चालू नसताना पंखा घोंघावतो. एक काळी खिडकी उघडते नि लगेच मिटते. परवा तर बाणच आपोआप सरकला!"

"मंगळवारी कुणी काही नवीन घातलं होतं का?" वकिलानं विचारलं.

"काकानं. फुकटातला कसला तरी प्रोग्राम. संगणक घोड्यासारखा धावेल म्हणाला."

"आणि विषाणू अडवणारा प्रोग्राम?"

"तो सारखी धोक्याची सूचना दाखवून कुरकुर करत होता, म्हणून काकानं बंद करून टाकला."

वकिलानं पत्ते खाली ठेवले. "म्हणजे राखणदाराला झोपवलं आणि चोराला दार उघडून दिलं! रंगे, हा व्हायरस आहे. आणि तुला चार दिवस माहीत होतं?"

रंगी दाराकडे वळली. तिचे कान तापले होते.

तिघं धावत आत आली. बाबा फळीला रंधा मारायला मागच्या खोलीत गेले होते. काका फोनवर कुणाशी तरी बोलत होता. रंगीनं पडद्याकडे पाहिलं. आता 'आ'लाही शेपूट होतं. 'इ'लाही. तिच्या डोळ्यांदेखत 'ई'ला फुटलं!

"ओळीनं चाललंय," ती कुजबुजली. "अ, आ, इ, ई... मग क, ख. तो सगळीच खाणार!"

"पण दुसरी प्रत आहे ना!" पिन म्हणाला. "त्या काडीत!"

होती. आई गेल्यावर बाबांनी सगळी अक्षरं एका पेनड्राइव्हमध्ये भरली होती. तो हरवू नये म्हणून त्यांनी तो संगणकालाच खोचला आणि वरून पाटीचा चिकटकागद दोन पदरी गुंडाळला. पाटीवाल्याच्या घरात सगळ्यावर एकच औषध, चिकटवून टाका!

वकिलानं कपाळावर हात मारला. "तिजोरी आणि तिची दुसरी किल्ली एकाच खिळ्याला! जे इथलं जाणार, ते त्यातलंही जाणार."

तेवढ्यात संगणक भोंग्यासारखा ओरडायला लागला. पडदाभर लाल पाटी! 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे. संगणक बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.'

"घाबरू नका रे पोरांनो," काका ऐटीत म्हणाला. "ही मघाशीच एकदा आली होती. मी फोन लावलाय. साहेब फार सज्जन आहेत. फक्त माझा पासवर्ड मागतायत, म्हणजे तिकडूनच सगळं साफ करतील."

"काका, नको!" रंगी ओरडली.

"अगं, तेच तर मदत करतायत!"

"त्यांना आपल्या संगणकातलं कसं कळलं? तुम्ही बोलावलं होतं का त्यांना?" वकील म्हणाला.

काकानं फोन कानापासून जरा दूर धरला. तेवढ्यात वकिलानं त्याच्या हातातून फोन घेतला. "नमस्कार साहेब! पासवर्ड लिहून घेता का? पण आधी मला सांगा, आपण कोणत्या कचेरीतून बोलता? पत्ता? इमारतीचा कितवा मजला? जिन्यानं की लिफ्टनं?"

पलीकडचा माणूस गुरगुरायला लागला. रंगीनं संधी साधली. तिनं आधी इंटरनेटची वायर उपटली. मग संगणकाच्या बटणावर बोट दाबून धरलं. एक... दोन... तीन... भोंगा थांबला. पडदा काळा झाला. पिननं नखांनी चिकटकागद टराटरा सोलून पेनड्राइव्ह काढला.

"काय चाललंय?" दारात बाबा उभे होते. हातात रंधा. "आईच्या संगणकाला कुणी हात लावला?"

रंगी एक पाऊल मागे सरली. पण आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मी. आजच नाही, रोज लावते. रोज दुपारी आईची अक्षरं बघते. म्हणून मला मंगळवारीच कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. माझ्यामुळे गेली अक्षरं, बाबा."

बाबांनी आधी काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी रंधा खाली ठेवला.

"आज सकाळी मला 'अ' कशाला हवा होता, माहीत आहे? आजच्या एकाही पाटीत 'अ' नाही. दुकान उघडलं की मीही रोज तो उघडून बघतो."

पिननं पेनड्राइव्ह बाबांच्या हातात ठेवला. मग म्हणाला, "आता खरी मदत कोणाकडे मागायची?"

खरी मदत दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. शाळेतल्या संगणकाच्या बाई. त्या सुट्टीतही आल्या. वायर लावू न देता त्यांनी दोन तास काम केलं. दुकानात पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. पिन नखं खात होता.

"घाण साफ होईल," शेवटी बाई म्हणाल्या. "लाल पाटी, फोनवरचा सज्जन आणि अक्षरांना कुलूप लावणारा, सगळे एकाच माळेचे मणी. इथे आणि त्या पेनड्राइव्हमध्येही 'अ'पासून 'ढ'पर्यंत कुलपं लागली आहेत. ती मला उघडता येणार नाहीत, खोटं सांगत नाही. पण 'ण'पासून पुढचं सगळं शाबूत आहे."

"निम्मी तरी वाचली!" काका म्हणाला.

"संगणक म्हातारा म्हणून वाचली. नवा असता तर पातं लवायच्या आत सगळा फडशा पडला असता. आणि या पोरीनं बटण दाबलं म्हणून वाचली." मग बाई रंगीकडे वळल्या. "पण पंखा घोंघावला त्याच दिवशी यायला हवं होतंस. काही वेगळं दिसलं तर लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. रागावला तर रागावला. आणि मोठ्यानं उकाड्यावर ढकललं, तर दुसऱ्या मोठ्याला सांगायचं."

काकानं मान खाली घातली.

रंगी उंबऱ्यावर जाऊन बसली. समोर औषधांचं दुकान होतं. त्याच्या पाटीकडे बघता बघता ती ताडकन उठली. "बाबा! 'औ' तिथे आहे की! आईचा! हरवलाय कुठे?"

मग काय! शिडी, पारदर्शक कागद, पेन्सिली. आठवडाभर तिघं गल्लोगल्ली हिंडली. घड्याळवाल्याकडून 'घ' उतरवला, छत्रीवाल्याकडून 'छ', झाडूवाल्याकडून 'झ'. खोकी करणाऱ्याच्या पाटीवरच्या 'पुठ्ठा' शब्दातून 'ठ' सोडवून घेतला. बाई रोज संध्याकाळी ती अक्षरं संगणकात चढवून द्यायच्या आणि पेनड्राइव्ह काढून बाबांच्या हातात ठेवायच्या. "हा कपाटात. चिकटवायचा नाही!"

पाट्यांना लागणाऱ्या अक्षरांत फक्त 'ढ' सापडेना.

"पाटीवर 'ढ' कोण लावून घेईल?" वकील म्हणाला. "माझ्या प्रगतिपुस्तकात बघा."

एकदा पिन धापा टाकत आला. "सापडला! 'पुढे शाळा आहे'!" सगळे धावले. पण तो रस्त्याकडेचा सरकारी पत्रा निघाला. त्यावरचा 'ढ' छापील होता, आईचा नव्हता. पिननं पारदर्शक कागद कोराच गुंडाळून परत आणला.

वाचनालय ठरल्या दिवशी उघडलं. दारावरच्या पाटीखाली उभं राहून ग्रंथपाल आजोबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "हात शिडीवर, डोकं जागेवर! अशी पोरं असली की चोरांची धडगत नाही." काका तर भेटेल त्याला सांगत होता, "लाल पाटीवरच्या नंबरला फोन करायचा नसतो बरं का! आमच्या घरी सगळे हुशार आहेत, एक मी सोडून."

बाबांनी मात्र रंगीला बाजूला नेलं आणि आईची पेन्सिल तिच्या हातात दिली. शिशाला नवं टोक केलेलं होतं. "तू रोज बघायचीस ना तिची अक्षरं? मग 'ढ' तूच काढ."

रंगीनं आतापर्यंत बारा वेळा तो काढून पाहिला. बाराव्यांदा गाठ जरा बरी आली, पण अजून आईसारखी नाही.

वाचनालयाच्या जिन्यापाशी एक कोरी फळी टेकवून ठेवलेली आहे. तिच्यावर 'पायऱ्या चढताना जपून' असं लिहायचं आहे. बाकीची अक्षरं कापून तयार आहेत. 'ढ' अजून राहिला आहे.